डब्याचं दूध

नांदेड, १२ जानेवारी २०१८

व्यंकट,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, ही शंका होती. म्हणून पाकिटाच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'ऋतुजा व मुलगी सुखरूप' असं लिहिलं आहे. फोडलंच असशील तर आता सविस्तर लिहितो.

तुला फोनवर अर्धंच समजलं असणार. ऋतुजा सांगत होती, मुलगी झाली एवढं बोलून झालं आणि तुमच्या डोंगरातल्या चौकीवरची लाइन गेली. झालं ते असं. चार तारखेला बिलोलीत, तिच्या भावाच्या, सत्यमच्या घरी, सहा आठवडे आधीच तिला कळा सुरू झाल्या. तिथल्या डॉक्टरांनी नांदेडला न्या म्हणून सांगितलं. सत्यमला नांदेडात दुसरं कोणी माहीत नव्हतं. त्यानं मला फोन केला. सहा वर्षांत तुझ्याकडच्या माणसाचा मला आलेला हा पहिला फोन. तुझ्या लग्नाला मी नव्हतो, त्यामुळं सुनेला मी पहिल्यांदा पाहिलं ते दवाखान्याच्या दारात, स्ट्रेचरवर. तिनं झोपल्या झोपल्या डोक्यावर पदर घ्यायचा प्रयत्न केला. मी म्हणालो, राहू दे.

मुलीचं वजन एक किलो सहाशेवीस ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवलंय. नाकातून बारीक नळी आहे. चोखून प्यायची ताकद नाही, म्हणून ऋतुजा हातानं वाटीत दूध काढते आणि सिस्टर ते नळीतून देतात. पहिल्या दिवशी नुसता पिवळा चीक आला, तोही चमचाभर नाही. मला वाटलं, एवढ्याशानं काय होणार. चंद्रप्रभा नावाच्या सिस्टर आहेत, त्यांनी तो सिरिंजनं ओढून घेतला आणि मला म्हणाल्या, "सर, यातला थेंब सांडला तर माझ्याशी गाठ आहे." तेव्हापासून वाटी वॉर्डातून पेटीच्या खोलीपर्यंत न्यायचं काम माझ्याकडं आहे. वर झाकण ठेवून, दोन्ही हातांनी धरून नेतो.

तुझा पत्ता सत्यमकडून घेतला. रागावू नको, त्याच्यावर तर नकोच.

अण्णा


नांदेड, २० जानेवारी २०१८

व्यंकट,

परवा त्यांना घरी सोडलं. वजन सोळाशे चाळीस. दर दोन दिवसांनी वजनाला आणायचं आहे, आणि बिलोलीहून ते जमणार नाही. तिची आई अंथरुणाला खिळलेली, वहिनीला दोन लहान पोरं. मी सत्यमला म्हणालो, माझ्या दोन खोल्या आहेत. तो ऋतुजाकडं बघायला लागला. ती म्हणाली, "ह्यांनी मला त्या घरात पाय ठेवू नको म्हणून सांगितलंय, मामा." माझ्या तोंडावर म्हणाली. मग म्हणाली, "पण लेकराचं वजन ह्यांना करायचं नाही, मला करायचं आहे. चला." म्हणून ती इथं आहे. तिच्यावर शब्द ठेवू नको. ठेवायचा तर माझ्यावर ठेव, तसाही आहेच.

बाळाला उबेत ठेवायचं असतं, उघड्या छातीला लावून. आईनं दिवसभर तेच करायचं, पण तिलाही आंघोळ आहे, झोप आहे. दवाखान्यात सिस्टरनी मला विचारलं, "घरात दुसरं कोण?" मी म्हणालो, मीच. "मग सदरा काढा." साठीच्या माणसानं बायांच्या वॉर्डात सदरा काढायचा. मी काढला. त्यांनी बाळाला टोपडं घातलं, माझ्या छातीवर उपडं ठेवलं आणि वरून लुगड्यानं बांधलं. वजन काही लागत नाही, गरम हात ठेवल्यासारखं वाटतं. तुला मी असं कधी घेतलं नव्हतं. तेव्हा बाप लोक घेत नव्हते, असं म्हणून मोकळं होता येतं, पण मी घेतलं नव्हतं एवढं खरं.

सिस्टरनी सांगितलंय की कमी दिवसांचं लेकरू भुकेनं उठत नाही, झोपूनच राहतं, म्हणून दर दोन तासांनी उठवून पाजायचं. आधी अंगावर, मग काढलेलं दूध बोंडल्यानं. घरात जुनं चांदीचं, चोचीचं बोंडलं आहे, ते उकळून घेतलं. मी भिंतीवर तक्ता लावला आहे. वेळ, किती मिनिटं चोखलं, बोंडल्यानं किती मिली, शी-शू. चार रंगांच्या पेनांनी. तक्ते करता येतात मला, ते तुला माहीत आहेच.

अण्णा


नांदेड, २७ जानेवारी २०१८

व्यंकट,

घाईत लिहितोय. बाळ बरं आहे. आता अंगावर नीट चोखतं. सिस्टर म्हणाल्या, जबडा हलताना दिसतोय आणि गिळल्याचा आवाज येतोय, चांगलं आहे. वजनाचं नंतर लिहीन.

ऋतुजा तुला फोनवर सगळं ठीक आहे म्हणाली. ठीकच आहे.

थंडी कमी होत आली आहे. तुमच्याकडं कशी असेल ते कळत नाही.

अण्णा


नांदेड, १ फेब्रुवारी २०१८

व्यंकट,

मागच्या पत्रात वजन लिहिलं नाही ते मुद्दाम. पंचवीस तारखेला सोळाशे नव्वद होतं. सत्तावीसला सोळाशे सत्तर, आणि एकोणतीस तारखेला सोळाशे पन्नास झालं. वाढायचं सोडून घटलं.

त्याचं कारण मी आहे. बावीस तारखेलाच सिस्टरनी सांगितलं होतं, आता बाळ स्वतः मागायला लागलंय. ओठ चाटेल, मूठ तोंडात घालेल, मान फिरवून शोधेल, की लगेच घ्या, घड्याळाची वाट बघू नका. ऋतुजानं ते ऐकलं. मीही ऐकलं, पण घरी आल्यावर तक्ता तसाच ठेवला. ती बाळाला घ्यायला लागली की मी पडद्याबाहेरून म्हणायचो, "अजून चाळीस मिनिटं आहेत." ती नवीन सून. सासऱ्याला काय म्हणणार? थांबायची. बाळ रडून दमायचं आणि वेळ व्हायच्या टायमाला झोपून जायचं. उठवलं तर दोन घोट घेऊन पुन्हा डोळे मिटायचं. पिणं कमी झालं तसं तिचं दूधही कमी झालं. हे सगळं मला आत्ता दिसतंय. तेव्हा मला तक्त्यातला रिकामा रकाना दिसत होता.

वजन करून आम्ही घरी आलो. दुपार होती. ऋतुजा पडद्याआडून म्हणाली, "मामा, मेडिकलातून दुधाचा डबा आणता का?"

मी म्हणालो, "सिस्टर नको म्हणाल्यात."

"सिस्टरचं काय. हे डब्यावरच वाढले ना? मला ह्यांनीच सांगितलंय. भूकंपात आत्याचं दूध आटलं, तर अण्णा आठ मैल चालत गेले, डबा आणला, म्हणून हे जगले. आणि आज बरफात उभे राहून ड्युटी करून राहिलेत. मग डब्याला काय भ्यायचं?"

मी चप्पल घातली आणि डबा आणला. एक बाटलीही आणली. तुला वाटेल की मी तिथंच काही बोललो असेन. नाही. बोलण्यापेक्षा डबा आणणं सोपं होतं.

तिनं पाणी उकळायला ठेवलं. डब्याचं झाकण काढलं, आतलं माप हातात घेतलं आणि मला विचारलं, "किती मापं, मामा? तुम्हाला माहीत असंल."

तेव्हा मी गॅस बंद केला आणि तिला खाली बसायला सांगितलं. तिला जे सांगितलं तेच तुला लिहितो. तिला आधी सांगितलं याचं वाईट वाटून घेऊ नको. तिच्यासमोर डबा उघडा होता.

तू भूकंपाच्या आधी एकवीस दिवस झालास. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मी औसा तालुक्यातल्या त्या गावी शाळेवर होतो. आपलं घर पत्र्याचं होतं म्हणून आपण वाचलो; शेजारचं दगडमातीचं माळवद खाली आलं, त्यातून कोणी उठलं नाही. पुढं शेतात, मग पत्र्याच्या शेडमध्ये. तुझी माय तिसऱ्या दिवसापासून म्हणायला लागली, "पोरगं ओढतंय, पण काही येईना." मदतीचे ट्रक येत होते. कपडे, बिस्किटं, दुधाचे डबे. मी कुठंही चालत गेलो नाही. ट्रकवरून एकानं डबा माझ्या हातात फेकला. शेडमधल्या बायांनी डबे बाजूला ठेवले होते, कारण त्यावर इंग्रजी होतं. मला इंग्रजी येत होतं, म्हणून मी वापरला.

तुझी माय नको म्हणत होती. मी म्हणालो, अडाण्यासारखं करू नको. टँकरचं पाणी, तेही न उकळलेलं. सरपण कुठं होतं, असं मी स्वतःला नंतर सांगत आलो. पण शेजारच्या चुली पेटत होत्या. बाटली एकच, ती त्याच पाण्यानं विसळायची. पाचव्या दिवशी तुला हगवण लागली. सातव्या दिवशी तुझी टाळू आत गेली. रडायचा तर आवाज येत नव्हता.

शेजारच्या शेडमध्ये उमादेवी नावाची बाई होती. तिच्या घरातली चार माणसं गेली होती. ती आली, बाटली उचलून बाहेर ठेवली आणि मला म्हणाली, "मास्तर, तुम्ही जरा भाईर बसा." लष्कराच्या तंबूतल्या डॉक्टरनं मीठ-साखरेचं पाणी दिलं होतं, ते तिनं चमच्यानं तुला पाजलं आणि तुला तुझ्या मायच्या, तारामतीच्या अंगावर टाकलं. म्हणाली, "दूध आटलं न्हाई बाई, भ्यालंय ते. पिऊ दे. काही न्हाई आलं तरी पिऊ दे." तीन दिवस ती तिथंच बसून होती. तिसऱ्या दिवशी दुपारी पान्हा फुटला. तुझी माय मोठ्यानं हसली, ते मी बाहेरून ऐकलं.

पुढं लातूरला आल्यावर कोणीतरी विचारलं, एवढंसं पोर त्यातून कसं वाचलं. मी म्हणालो, डबा आणला. मग लोक वा म्हणाले. दर वर्षी त्यात एकेक मैल वाढला. तुझी माय समोर असायची, ती काही बोलायची नाही.

आणि दोन हजार बारा साली, तुझा सीईटीचा दुसरा निकालही वाईट आला त्या दिवशी, मी तुला म्हणालो, "तुला डबा आणून जगवलं, त्याचे हे पांग फेडलेस." तू बॅग उचललीस. त्याआधीची दोन वर्षं मी तुला पहाटेपासून क्लासला जुंपलं, भिंतीवर तक्ते लावले, तुला झेपत नाही हे दिसत असून. त्या सगळ्याचा हक्क मी त्या डब्यावर सांगत होतो. आणि तो डबा तुला मारायला निघाला होता.

ऋतुजानं सगळं ऐकून घेतलं. मग डब्याचं झाकण लावलं. एकच विचारलं, "आत्यांनी ह्यांना कधीच सांगितलं नाही?" मी नाही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी सिस्टरना तक्त्याचं सांगितलं आणि डब्याचंही. त्या म्हणाल्या, "डब्यात विष नसतं, सर. ज्या लेकराला दुसरं काहीच नाही त्याला आम्हीच देतो, नीट उकळून, वाटी-चमच्यानं. पण हिच्याकडं आहे की. फक्त हिला कोणी पाजू देत नाही." तक्ता मी काढला आहे.

अण्णा


नांदेड, १९ फेब्रुवारी २०१८

व्यंकट,

काल दुपारी फोनवर तुझा आवाज ऐकला. जाड झाला आहे. ऋतुजानं फोन माझ्या हातात दिला तेव्हा मला वाटलं तू ठेवशील. तू म्हणालास, "पत्र मिळालं." तू विचारलंस, "ती बाई हाय का अजून?" मी म्हणालो, माहीत नाही, पंचवीस वर्षांत गेलो नाही. तू म्हणालास, "मग जाऊन बघा. तिला सांगा." आणि लाइन गेली, की तू ठेवलास, ते कळलं नाही.

जाईन.

तू विचारलं नाहीस, तरी एक लिहायचं राहिलं आहे. मायनं का सांगितलं नाही, ते. दोन हजार चौदा साली, शेवटच्या दुखण्यात, ती मला म्हणाली होती, "व्यंकटला ते एकदा सांगा. मी सांगितलं तर तो तुमच्याकडं कधीच यायचा न्हाई. तुम्ही सांगितलं तर येईल." मी हो म्हणालो होतो. तू तिच्या मातीला आलास, दोन दिवस राहिलास, आपण एकाच खोलीत बसलो होतो. मी सांगितलं नाही.

बाळ दोन किलो साठ झालं. आता दिवसभर तिच्याच मर्जीनं चालतं. कधी तासात दोनदा, कधी तीन तास गप्प. गालाला किंचित भर आली आहे. ऋतुजा म्हणते नाक तुझं आहे. मला अजून तसं काही दिसत नाही, पण मी हो म्हणतो.

अण्णा


नांदेड, २७ फेब्रुवारी २०१८

व्यंकट,

काल जाऊन आलो. ऋतुजाजवळ तिची वहिनी येऊन थांबली होती.

जुन्या गावाच्या जागी आता बाभळी आहेत. नवं गाव सिमेंटचं आहे, सगळी घरं एकसारखी, त्यामुळं विचारत विचारतच जावं लागलं. उमादेवी आहे. ऐंशीच्या पुढं असेल. एका डोळ्यानं दिसत नाही. ओट्यावर बसून तुरी निवडत होती. मी नाव सांगितलं, शाळेचं सांगितलं. तिला काही आठवलं नाही. मी शेडचं, डब्याचं, तुझं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लई लेकरं होती तवा, मास्तर. कोणतं तुमचं, ध्यानात न्हाई. जगलं न्हवं?"

मी म्हणालो, जगलं. मिलिटरीत आहे. त्याला मुलगी झाली.

"मग झालं तर."

मी तिच्या पाया पडलो. तूच 'तिला सांगा' म्हणाला होतास, म्हणून तुझ्याही वतीनं पडतो असं तिला म्हणालो. तिनं डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "बायको बरी हाय का?" मी म्हणालो, चार वर्षं झाली, गेली. मग ती बराच वेळ तुरीत बोटं फिरवत राहिली. म्हणाली, "तारा नाव होतं न्हवं तिचं? उंच होती. रडायची न्हाई."

तू तिच्या ध्यानात नव्हतास, मीही नव्हतो. तुझी माय होती.

ती पुढं म्हणाली, "तिला चार दिस कुणी भाकर दिली नव्हती. मदतीचं जेवण यायचं, तर बाप्ये आधी जायचे, मग पोरं. ती लेकरू सोडून रांगेत कशी उभी राहील? तुम्ही आणून द्यायचं, तर तुम्ही डबा वाचत बसलते. मी काय केलं, मास्तर? तीन दिस तिच्या म्होरं बसून तिला भाकर खाऊ घातली. दुसरं काय न्हाई. मग लेकराचं लेकरानं बघितलं."

पंचवीस वर्षं मला वाटत होतं की तिनं तुला पाजण्यात काही युक्ती केली. मी बाहेर बसलो होतो, आत काय चाललंय ते मला माहीत नव्हतं. तुझी माय चार दिवस उपाशी होती. मी त्या चार दिवसांत जेवलो होतो. बाकीचं मला तू फोनवर विचारण्याआधीच माहीत होतं. हे माहीत नव्हतं, आणि हे मला तिनंही कधी सांगितलं नाही.

परतायला संध्याकाळ झाली. वहिनी दुपारच्याच गाडीनं बिलोलीला गेली होती. बाळ झोपलं होतं. मी ऋतुजाला विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, "तुमची वाट बघत होते, मामा. तुमच्या आधी कसं जेवू?"

या घरात आल्यापासून ती रोज माझ्यानंतर जेवते आहे. एकोणचाळीस दिवस. बाळानं मधे हाक दिली की तिचं जेवण राहतं, आणि ते मी एकदाही बघितलं नव्हतं.

मी तिला ताट वाढलं. ती संकोचली, पण बसली. भाकरी, मेथीची भाजी, वरून तूप. मी समोर पाट घेऊन बसलो आणि तिला म्हणालो, तू जेव, मी नंतर. अर्धी भाकरी झाली असेल, तेवढ्यात बाळ चुळबुळायला लागलं. ती हात धुवायला उठत होती. मी म्हणालो, बस. बाळाला उचलून तिच्या मांडीवर दिलं, पाठ फिरवून बसलो, आणि भाकरीचे लहान लहान तुकडे करून ताट तिच्या उजव्या हाताशी सरकवून ठेवलं.

मागं दोघीही खात होत्या.

अण्णा